द्राक्षाचे दोन भाव

नाशिकला येणारा पाहुणा पूर्वी दोनच कारणांनी यायचा. एक तर पंचवटी-त्र्यंबकेश्वर, नाही तर नात्यातलं लग्नकार्य. आता तिसरं कारण झालं आहे. शनिवार-रविवारी गंगापूर रस्त्याला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. ही मंडळीही तीर्थ घ्यायलाच आलेली असतात. फक्त तीर्थाचा प्रकार वेगळा!

आम्हा चौघा वर्गमित्रांचं हे तीर्थाटन बरीच वर्षं रेंगाळलं होतं. एक बँकेतून निवृत्त झालेला, एक डॉक्टर, एक मी आणि चौथा निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. रेंगाळण्याचं कारण हा चौथाच. ‘घरी या, पोटभर द्राक्षं खा, पण मला वाईनरीत नेऊ नका,’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. यंदा फेब्रुवारीत मात्र तो आपणहून म्हणाला, ‘चला, एकदा बघून टाकू.’

सकाळी मिसळ हाणून निघालो. आमचा डॉक्टर थेंबालाही शिवत नाही, त्यामुळे गाडी त्याच्याच हाती दिली. पहिला मुक्काम सावरगावचा, ‘सुला’चा. कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी इथल्या घरच्या जमिनीवर नव्वदच्या दशकात द्राक्षं लावली आणि २००० साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली. त्याआधी ऐंशीच्या दशकातच शामराव चौगुले यांनी नारायणगावला फसफसणारी वाईन करून परदेशी पाठवली होती. म्हणजे ही कला मराठी मातीला अगदीच परकी नव्हे.

पोलादी टाक्यांमधून फिरवत एक तरतरीत मुलगा आम्हाला माहिती देत होता. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही गर पांढराच असतो. रंग असतो तो सालीत. रस सालीसकट आंबवला तर वाईन लाल होते. साल आधीच वेगळी काढून, रस थंड ठेवून सावकाश आंबवला की पांढरी. यीस्ट द्राक्षातली साखर खातं आणि तिचं मद्य करतं. बँकवाल्याने विचारलं, ‘फ्रान्समध्ये वर्षातून एकदाच छाटणी करतात म्हणे. मग आपल्याकडे दोनदा का?’ मुलगा अडखळला. तेव्हा इतका वेळ गप्प असलेला आमचा निफाडकर बोलू लागला.

‘तिकडची वेल थंडीत झोपते. आपली झोपतच नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी करायची. ती काडी तयार करण्यासाठी. ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती मालासाठी. खायचं द्राक्ष फुगवायचं असतं, मण्याला आकार आला पाहिजे. वाईनच्या द्राक्षाचं उलटं. मणी बारीक, साल जाड, पोटात बी. झाडावर माल कमी ठेवायचा, तर रसाला दम येतो.’

मुलगा बघतच राहिला. ‘सर, तुम्ही याच लाईनमधले का?’

‘होतो,’ तो म्हणाला.

त्या ‘होतो’मागची गोष्ट आम्हाला तुकड्यातुकड्यांनी माहीत होती. सलग ती त्या दिवशी ऐकली. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, अबकारीत सवलती दिल्या. निफाड तालुक्यातच विंचूरला वाईन पार्क उभं राहिलं. एका वाईनरीने हमीभावाचा करार पुढे केला. व्यापारी पळून जाण्याची भीती नाही, बाजाराची मारामार नाही. याने २००५ साली दोन एकर सोनाका काढून तिथे शिराझ लावली. वडील माळकरी, पंढरीचे वारकरी. त्यांनी एवढंच विचारलं होतं, ‘द्राक्ष खायला लावायचं का प्यायला?’ याने करारावरचा आकडा दाखवला. वडील पुन्हा काही बोलले नाहीत.

पहिले दोन हंगाम बरे गेले. मग २००८ ची जागतिक मंदी आली, त्यातच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि हॉटेलं ओस पडली. वाईनचा खप बसला. २००९ च्या हंगामात वाईनरीची गाडी आलीच नाही. खायचं द्राक्ष पडेल भावाने का होईना, विकता तरी येतं. हे जाड सालीचं, बियांचं द्राक्ष घेणार कोण? माल वेलीवरच सुकला. पुढच्या वर्षी याने वेली मुळासकट उपटल्या. अशा बागा त्या काळात एकट्या त्यानेच उपटल्या नाहीत. कर्ज फेडायला मात्र ज्याची त्याला वर्षं लागली.

‘आणि खरं सांगू?’ तो म्हणाला, ‘चार वर्षं शिराझ पिकवली, पण तिची वाईन कशी लागते ते मला ठाऊक नाही.’

आम्ही तिघेही गप्प झालो. २०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारने मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा केवढं रण माजलं होतं! कुणी म्हणालं, शेतकऱ्याचं भलं होईल. कुणी म्हणालं, शेतकऱ्याचंच घर बुडेल. विरोध एवढा झाला की निर्णय अडून राहिला. वाद घालणाऱ्या आमच्यापैकी एकालाही तेव्हा या मित्राला फोन करावासा वाटला नव्हता.

दुपारी दिंडोरीच्या बाजूला एका लहानशा वाईनरीत गेलो. शेतकरी कुटुंबच ती चालवतं. घरच्या सुनेने टेबलावर पेले मांडले. निफाडकराने शिराझ मागितली. पेला उजेडात धरला, वास घेतला आणि कीर्तनानंतर तीर्थ घ्यावं तसा एक घोट घेतला. मग बराच वेळ खिडकीबाहेरच्या वेलींकडे पाहत राहिला. शेवटी त्या बाईंना म्हणाला, ‘ताई, पानाखाली भुरी दिसतेय. उद्या फवारा.’

परतताना त्याच्या घरी टेकलो. वडील ओट्यावर होते. वय नव्वदीच्या घरात, गळ्यात माळ. बँकवाल्याच्या हातातली पिशवी त्यांनी ओळखली.

‘ती तुमच्या गाडीतच राहू द्या, बाबा,’ ते हसून म्हणाले. मग मुलाकडे वळले. ‘घेतलीस चव?’

‘घेतली, दादा.’

‘कशी होती?’

‘तुरट. पण मागून गोडी येते.’

म्हाताऱ्याने मान डोलावली. समोरच्या दोन एकरांत आता पुन्हा खायची द्राक्षं आहेत. तिकडे पाहत ते म्हणाले, ‘माल वाईट नव्हताच तुझा. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.’

मित्र काही बोलला नाही. आत जाऊन आमच्यासाठी द्राक्षांची पेटी घेऊन आला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला त्याला.