पेरणीचा महिना आणि कॉलेजची फी



आपल्या वर्धा जिल्ह्यात सोयाबीनचे पैसे ऑक्टोबरच्या आसपास हाती येतात, कापसाचा पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतो आणि तुरीचे पैसे संक्रांतीनंतर. कॉलेजची फी मात्र जून ते सप्टेंबर या काळात मागितली जाते. त्याच वेळी घरातला शेवटचा रुपया बियाणे, खत आणि निंदण-डवरणीच्या मजुरीत गुंतलेला असतो. म्हणून शेतकरी कुटुंबापुढे फी किती हा प्रश्न जेवढा मोठा, तेवढाच ती केव्हा भरायची हाही मोठा.

यावर आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे पीक कर्जातून फी भरणे. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत घरखर्चासाठी साधारण १० टक्के रक्कम धरलेली असते, पण इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगची फी तेवढ्यात बसत नाही. मग बियाणे-खत कृषी केंद्रातून उधारीवर येते, त्याचा भाव रोखीपेक्षा चढा लागतो आणि पीक आल्यावर आधी उधारी फेडावी लागते. इकडे पीक कर्ज वेळेत न फेडल्यामुळे व्याजाची सवलत जाते. नियमित फेड करणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून जवळजवळ बिनव्याजी पडते. ती सवलत गमावणे म्हणजे फीवर आणखी एक फी भरणे होय. पीक कर्ज एका वर्षाचे असते आणि शिक्षण चार वर्षांचे. या दोन गोष्टी एका दोरीत बांधू नयेत.

आता शासनाच्या सवलतींकडे वळू. योजना पुष्कळ आहेत. आमच्या मेळाव्यांत एक अनुभव वारंवार येतो. पात्र असलेले कुटुंब बाहेर राहते ते कागदामुळे, आणि कागद चुकतो तो एकाच गैरसमजामुळे. बहुतेकांना वाटते की शेतीचे उत्पन्न एकदा ठरले की ते सगळीकडे तेच धरले जाते. तसे नाही. एकच वावर सरकारदरबारी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजले जाते.

पहिली मोजणी : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला

हा दाखला शिष्यवृत्ती व फी सवलतीसाठी लागतो. यात शेती, दुकान, पगार, मजुरी असे सर्व मार्गांनी मिळणारे कुटुंबाचे उत्पन्न एकत्र धरतात. सात-बारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल यांच्या आधारे सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करावा. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, हे ध्यानात ठेवावे. मागे एका मेळाव्यात सेलू भागातील एक गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन आले होते. सर्व कागद होते, फक्त उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा होता. तेवढ्यासाठी अर्ज परत आला आणि नवा दाखला हाती येईपर्यंत शेवटची तारीख निघून गेली.

दुसरी मोजणी : नॉन-क्रिमीलेअर

इतर मागास वर्गातील मुलांना राखीव जागेसाठी हा दाखला लागतो. सप्टेंबर १९९३ च्या केंद्राच्या आदेशानुसार उत्पन्नाची मर्यादा तपासताना शेतीचे उत्पन्न आणि पगाराचे उत्पन्न त्यात मिळवत नाहीत. मर्यादा तेव्हा १ लाख होती, ती २०१७ पासून ८ लाख आहे आणि सलग तीन वर्षांचे उत्पन्न पाहिले जाते. नोकरदार आई-वडिलांसाठी पदाचा वेगळा नियम आहे. शेतीसाठी पैशाची नव्हे, जमिनीची अट आहे. कुटुंबाची ओलिताची जमीन कमाल धारणा मर्यादेच्या ८५ टक्के किंवा अधिक असेल तर सवलत मिळत नाही. महाराष्ट्राच्या १९६१ च्या कायद्यात दोन पिकांसाठी खात्रीचे पाणी असलेल्या जमिनीची मर्यादा १८ एकर आहे, म्हणजे तिचे ८५ टक्के १५.३ एकर होतात. संपूर्ण कोरडवाहू शेतीला ही अट लागतच नाही. आपल्या जिल्ह्यातील फारच थोडी कुटुंबे या अटीत अडकतील. तरीही "शेतीचे उत्पन्न जास्त दाखवले गेले, आता दाखला मिळणार नाही" असे समजून अर्जच न करणारे लोक भेटतात.

तिसरी मोजणी : आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक

खुल्या प्रवर्गासाठी २०१९ मध्ये १० टक्के आरक्षण आले. केंद्राच्या संस्थांसाठी जो दाखला लागतो त्यात सर्व मार्गांचे उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे आणि शिवाय कुटुंबाकडे ५ एकर किंवा अधिक शेतजमीन नसावी. जमीन कोरडवाहू की ओलिताची, हा भेद यात नाही. राज्यातील प्रवेशासाठीचा दाखला वेगळ्या नमुन्यात मिळतो. अर्ज करताना कोणता हवा हे स्पष्ट सांगावे.

उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबाकडे ७ एकर कोरडवाहू शेती असून गावात किराणा दुकान आहे. शेतीचे वर्षाचे उत्पन्न १ लाख ६० हजार आणि दुकानाचे २ लाख ४० हजार. पहिल्या दाखल्यावर उत्पन्न ४ लाख येईल. कुटुंब इतर मागास वर्गात असेल तर दुसऱ्या मोजणीत फक्त दुकानाचे २ लाख ४० हजार धरले जातील. हेच कुटुंब खुल्या प्रवर्गातील असेल, तर उत्पन्न ४ लाखच असूनही केंद्राच्या दाखल्यासाठी ७ एकरांमुळे ते अपात्र ठरेल. आता आर्वी-कारंजा भागातील एखादा संत्रा बागायतदार घ्या. बागेचे ६ लाख आणि इतर धंद्याचे ३ लाख असतील, तर मुलाला इतर मागास वर्गाची राखीव जागा मिळू शकते, पण एकूण ९ लाख झाल्याने फीची सवलत मिळणार नाही.

कोणती सवलत कोणाला

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील मुलांना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा निम्मा भाग मिळतो. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो. इतर मागास वर्गातील मुलांना निम्मे, तर विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील मुलांना पूर्ण शुल्काची सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख आहे. त्यावर उत्पन्न असेल तर शुल्कमाफीची चौकशी जरूर करावी.

मुलींच्या बाबतीत २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठे यांना हा निर्णय लागू नाही. तसेच विकास शुल्क, वसतिगृह आणि मेस यांचा खर्च उरतोच. "फी माफ" एवढे ऐकून निघू नये. कॉलेजकडून शुल्काचा तपशील लेखी घ्यावा आणि त्यात शिक्षण शुल्क किती, बाकी किती हे पाहावे.

मुलगा नागपूर-अमरावतीला राहत असेल तर फीपेक्षा खोली आणि जेवण महाग पडते. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक, म्हणजे २ हेक्टरपर्यंत (सुमारे ५ एकर) जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांना तीत विशेष स्थान आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयंम आणि इतर मागास वर्गासाठी आधार योजना आहे. भत्त्याची रक्कम शहराप्रमाणे बदलते. चालू वर्षाचा आकडा महाडीबीटी पोर्टलवर किंवा त्या-त्या विभागाच्या कार्यालयात पाहावा. राहण्या-जेवण्यासाठी दोन ठिकाणचा लाभ एकदम मिळत नाही.

येथे आठ-अ चा प्रश्न येतो. आजोबा वारले, वारस नोंद झाली नाही, तिघे भाऊ आपापला तुकडा वाहतात पण खाते एकच, अशी स्थिती गावोगाव आहे. मग साडेतीन एकर कसणाऱ्यालाही आपण अल्पभूधारक आहोत हे सिद्ध करता येत नाही. वारसाचा फेरफार आधी करून घ्यावा. वाटणी खरोखर झालीच असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून ती कागदावर आणावी. मात्र केवळ दाखल्यासाठी खोटी वाटणी दाखवू नये. अशा कागदी वाटण्यांतून पुढे भावाभावांचे दावे लागल्याचे आम्ही पाहिले आहे.

उरलेल्या खर्चासाठी शैक्षणिक कर्ज

बँकांच्या सर्वसाधारण योजनेत ४ लाखांपर्यंत तारण किंवा स्वतःचा हिस्सा मागत नाहीत. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. पुढे १५ वर्षांपर्यंत फेड करता येते. सर्व मार्गांचे कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी हप्ता नसलेल्या काळातील व्याज केंद्र शासन भरते. वरच्या उदाहरणातील ४ लाखांचे कुटुंब यात बसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती निवडक नामांकित संस्थांपुरतीच. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करावा आणि व्याज सवलतीचा अर्ज वेगळा करावा लागतो का, हे शाखेत विचारून घ्यावे. शाखेने तोंडी नकार दिला तर लेखी कारण मागावे आणि जिल्हा अग्रणी बँकेच्या कार्यालयात जावे.

कागद कधी करावेत

जात वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो. मुलगा-मुलगी अकरावीत असतानाच अर्ज टाकावा. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातील नोंद शोधायला दिवाळीची सुटी बरी, कारण तेव्हा सर्व भाऊबंद घरी असतात आणि कोणाच्या पेटीत कोणता कागद आहे हे तेव्हाच कळते. उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मे मध्ये, मृगाच्या आधी काढावा. मुलाचे स्वतःचे बँक खाते आधारशी जोडून घ्यावे, वडिलांचे चालत नाही. महाडीबीटीवरील अर्जाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि हजेरीही पाहतात. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळते असे नाही. शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा उशिरा जमा होते. त्यामुळे पहिल्या सत्राची सोय घरातूनच ठेवावी लागते, आणि त्यासाठी आधीच्या हंगामातील पाच-सात क्विंटल तूर किंवा सोयाबीनचे पैसे वेगळे काढून मुदत ठेवीत टाकलेले बरे.