स्वस्त तिकीट आणि लांबचा पल्ला

आमच्या फैजपूर-सावद्याकडची केळी ट्रकमधून दिल्लीला जातात. गाडीमालकाला विचारा, तो सांगेल, ‘जाताना माल असतोच हो, नफा ठरतो तो परतीच्या भाड्यावर.’ विमानाचा हिशेब याहून फारसा निराळा नाही.

भारतात 2003 साली एअर डेक्कनने आणि 2006 साली इंडिगोने स्वस्त तिकिटे काढली. युक्ती साधी. मुंबईहून नागपूरला गेलेले विमान थोड्या वेळात परत फिरते. दिवसाकाठी अनेक खेपा होतात आणि प्रत्येक खेपेला तिकिटे खपतात.

परंतु मुंबईहून विलायतेला जायचे, तर ही युक्ती लंगडी पडते. तेथे महागड्या कंपनीचे विमानही दिवसरात्र हवेतच असते. मग स्वस्तवाल्याने वेळ वाचवायचा कोठे? इंधन दोघांनाही लागते. कर्मचाऱ्यांना परमुलखात मुक्काम द्यावा लागतो. आणि सुट्टीचा हंगाम सरला, की खुर्च्या रिकाम्या!

शिक्षकबंधूंनी वर्गात हे गणित घालावे. समजा, विमानात 300 खुर्च्या आहेत आणि खेपेचा खर्च 90 लाख रुपये. विमान भरले, तर माणशी 30 हजारांत खर्च निघतो. 200 च माणसे आली, तर 45 हजार पडतात. मग स्वस्ताई कुठली?

इंग्लंडच्या फ्रेडी लेकर यांनी 1977 साली लंडन-न्यूयॉर्क स्वस्त सेवा काढली. 1982 साली कंपनी बुडाली आणि प्रवासी वाटेत अडकले. नॉर्वेजियन कंपनीने 2013 साली लांबचा पल्ला धरला आणि 2021 साली सोडला.

तर मग हे अशक्यच का? तसेही नाही. सिंगापूरची स्कूट 2012 साली उडू लागली, ती टिकली. कारण पाठीशी सिंगापूर एअरलाइन्स आहे. इंडिगोने जुलै 2025 मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमची सेवा सुरू केली, ती भाड्याच्या बोइंग 787 विमानांनी. त्यांत पुढे जादा दराच्या ऐसपैस खुर्च्या ठेवल्या. म्हणजे पुढचा प्रवासी जास्त देतो, विमानाच्या पोटातला माल भाडे देतो, तेव्हा मागच्याचे तिकीट स्वस्त राहते.

आपल्या गावची मुले आता परदेशी शिकायला जातात. त्यांचे तिकीट महिनोन् महिने आधी काढताना नुसता आकडा पाहू नका. कंपनी कोणाच्या बळावर उडते, तेही विचारा. पैसे आपण आधी देतो. विमान नंतर उडते.