जुनी ‘स्पोर्ट’ गाडी घेताना : आवाज नको, गिअरबॉक्स बघा

व्यापारी बांधवांच्या घरी मुलगा दुकानात बसू लागला, दोन पैसे कमावू लागला, की त्याची पहिली मागणी गाडीची असते. गाडीही साधी नको असते. पोलो जीटी हवी, ऑक्टाव्हिया हवी, त्यातही ‘आरएस’ मिळाली तर सोन्याहून पिवळे. नवी परवडत नाही, आणि यातल्या काही आता नव्या मिळतही नाहीत; पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये बंद झाले. मग जुनी शोधली जाते. आमच्या मीरा रोड-भाईंदरकडे असा सौदा बहुधा बाप-चुलत्याच्या पैशाने होतो आणि गाडीची पारख मुलाचे मित्र करतात. मित्र रंग बघतात, सायलेन्सरचा आवाज ऐकतात, किलोमीटर बघतात. जिथे खरा पैसा बुडतो ती जागा मात्र कोणीच बघत नाही. त्या जागेविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो तो क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ॲक्सल या साखळीतून. कंपनी गाडी बनवते तेव्हा या साखळीची प्रत्येक कडी किती जोर पेलेल याचा हिशेब करूनच इंजिन बसवते. भिवंडीच्या यंत्रमागवाल्या बांधवांना हे चटकन कळेल. मागाला दुप्पट जोराची मोटर लावली तर माग पळेल, पण पट्टा, गिअर आणि शाफ्ट जुन्याच जोराचे राहतात. कधी ना कधी त्यातले एक तुटते.

या हिशेबाचा उत्तम नमुना म्हणजे २०१६ मध्ये आलेली स्कोडाची सुपर्ब. १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन, ताकद १८० अश्वशक्ती. हाताने गिअर टाकायच्या गाडीत त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३२० न्यूटन-मीटर होता. ऑटोमॅटिक गाडीत फक्त २५०. इंजिन तेच असताना हा फरक का? कारण त्या ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा, सुक्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स होता आणि त्याची पेलण्याची मर्यादाच २५० ची आहे. कंपनीने गिअरबॉक्स वाचवण्यासाठी स्वतःच्या इंजिनाला लगाम घातला. ऑक्टाव्हियाच्या १.८ ऑटोमॅटिकमध्येही हाच प्रकार होता.

बाहेरचा ट्यूनर हा लगाम काढतो. लॅपटॉप जोडून इंजिनाच्या संगणकातील लिखापढी बदलली की झाला ‘रीमॅप’. पुढे हवा जास्त खेचणारा फिल्टर आणि मोठा पाइप घातला की त्याला ‘स्टेज टू’ म्हणतात. अर्ध्या दिवसाच्या कामात टॉर्क तीनशेच्या वर जातो आणि मुलगा खूश होतो. गिअरबॉक्स मात्र तोच असतो, २५० वाला. पुढे क्लच घसरू लागला, की शहाणा मालक जुने सुटे भाग परत बसवतो, संगणकही पूर्ववत करून घेतो आणि गाडी विकायला काढतो. खळ देऊन कडक केलेल्या कापडासारखी ती गाडी हाताला भारी लागते. पहिल्या धुण्यात काय होते ते कपड्यातल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून गाडीत आता काय बसवले आहे यापेक्षा पूर्वी काय बसवून काढले आहे, हे शोधायचे असते.

सुरुवात कागदापासून करावी. अधिकृत वर्कशॉपच्या सर्व्हिस नोंदी मागाव्यात. ३० हजार किलोमीटरपर्यंत नोंदी नियमित आणि त्यानंतर एकदम काहीच नाही, असे दिसले तर गाडी कोणत्या गॅरेजमध्ये जात होती हे विचारावे. उत्तर गोलमोल आले तर तिथेच सावध व्हावे. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः वाकून वाचावा, आरसीशी आकडा आकड्याला जुळवावा. दलालाने मोबाइलवर दाखवलेल्या फोटोवर जाऊ नये. इंजिनाची अदलाबदल ही काही नवलाई नाही. होंडा सिटीचे २००० सालानंतरचे १०६ अश्वशक्तीचे व्हीटेक इंजिन साध्या सिटीत बसवण्याचा शौक अनेकांनी केला. त्यातल्या किती जणांनी आरसीवर नोंद करून घेतली, हा प्रश्नच आहे.

मग बॉनेट उघडावे. त्याआधी इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. ‘तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली’ असे म्हणणाऱ्याला उद्या सकाळी येतो म्हणून सांगावे. थंड इंजिन सुरू होताना जे बोलते ते गरम झाल्यावर लपवते. फिल्टरच्या डब्याचे स्क्रू घासलेले, क्लिपा तुटलेल्या, सेन्सरच्या वायरींवर नव्या टेपचे वेढे दिसले, तर तिथे काहीतरी लावून काढले आहे. डॅशबोर्डवर किंवा काचेशेजारच्या खांबावर बुजवलेले भोक दिसले तर तिथे टर्बोचा दाब दाखवणारे मीटर होते असे समजावे. गाडीखाली बॅटरी मारून सायलेन्सरच्या पाइपावरचे वेल्डिंग बघावे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकण्याची पद्धत आहे. अशा गाडीच्या मागे उभे राहिले की पेट्रोलचा उग्र वास येतो. विक्रेत्याकडचे पीयूसी बाजूला ठेवून आपल्यासमोर नवे काढायला लावावे. त्यात मोजला जाणारा कार्बन मोनॉक्साइड पुष्कळ काही सांगून जातो.

ओळखीच्या मिस्त्रीकडे स्कॅनर असेल तर तो जरूर लावावा. फक्त ‘एरर नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. गाडीचा संगणक स्वतःच्या काही चाचण्या सतत करत असतो. एरर पुसले की त्या ‘अपूर्ण’ दिसू लागतात आणि बरेच किलोमीटर गाडी चालल्यावरच पूर्ण होतात. एरर एकही नाही पण चाचण्या अपूर्ण, म्हणजे नुकतेच कोणीतरी झाडलोट केली आहे. बॅटरी बदलल्यानेही काही गाड्यांत असे होते, तेव्हा विचारून घ्यावे. काही गाड्यांच्या संगणकात सॉफ्टवेअर किती वेळा बदलले याची मोजणीही राहते. ती कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बघता येते. तिथे तपासणीला पैसे लागतात, पण पंधरा-वीस लाखांच्या सौद्यात ते खर्चावेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

चालवून बघायला लोक हायवेवर नेतात आणि शंभरच्या पुढे पळवतात. त्यातून मजेशिवाय काही कळत नाही. डीएसजी गाडीची परीक्षा काशिमिऱ्याच्या सिग्नलला, संध्याकाळच्या गर्दीत होते. पाय ब्रेकवरून हळूच उचलावा, गाडी मुंगीच्या चालीने सरकू द्यावी, थांबवावी, पुन्हा सरकू द्यावी. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर किंवा धक्का आला तर क्लच झिजला आहे किंवा गिअरबॉक्सची नियंत्रण यंत्रणा, जिला मेकॅट्रॉनिक म्हणतात, ती आजारी आहे. दुरुस्तीचा खर्च लाखाच्या घरात जातो. भाईंदर पूर्वेच्या एका भांडी कारखानदार स्नेह्यांना दलालाने ‘या गाड्या अशाच चालतात’ म्हणून पटवले होते. चांगल्या डीएसजी गाड्या अशा चालत नाहीत. दोन-तीन चालवून बघितल्या की फरक आपोआप कळतो.

हाताच्या गिअरची गाडी असेल तर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे झपकन वाढले आणि वेग तसा वाढला नाही तर क्लच घसरतो आहे. क्लचचे पेडल फार जड लागत असेल तर जास्त जोराचा क्लच बसवलेला असू शकतो, आणि तो उगाच कोणी बसवत नाही. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवावे. कटकट आवाज आला तर ॲक्सलचे जॉइंट गेले आहेत. गाडी उभी असताना स्टिअरिंग आणि सीट सारखी थरथरत असेल तर इंजिनाच्या रबरी माउंटिंगऐवजी कडक माउंटिंग बसवले आहे का, हे बघावे.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची आधी मंजुरी आणि मग आरसीवर नोंद लागते. मंजूर सीएनजी किटची वाट वेगळी आहे. तीही नोंदीशिवाय नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. बदल कोणी केला हा वाद पुढचा. रस्त्यात अडवले जाते ते आजच्या मालकाला.

दंडापेक्षा मोठी भीती विम्याची आहे. अपघातानंतर सर्व्हेअर गाडी तपासतो. कंपनीला न कळवलेला बदल सापडला तर दावा अडकतो, कधी नाकारला जातो. वाढवलेल्या जोराच्या गाडीला ब्रेक बहुधा जुनेच असतात. घोडबंदर रोडवर रात्री ती गाडी आपला मुलगा चालवणार आहे, हे बापाने लक्षात ठेवावे.

विक्रेत्याबद्दलही एक सांगावेसे वाटते. थानात डाग असला तर आपण तो वर करून दाखवतो आणि भाव कमी करतो. ऐब सांगून माल विकणे ही आपल्या बाजाराची रीत आहे. जो मालक म्हणतो, ‘हो, रीमॅप केले होते, अमुक महिन्यात काढले, हे बिल, क्लच नवा टाकला त्याचेही हे बिल’, त्याची गाडी आम्ही ‘काही केलेच नाही’ म्हणणाऱ्याच्या गाडीपेक्षा आधी बघू. भाव मात्र क्लच-गिअरबॉक्सचा धोका वजा करूनच लावू.

सौदा ठरला तर बयाणा देण्याआधी साध्या करारपत्रात एक ओळ लिहून घ्यावी : गाडीच्या इंजिन, गिअरबॉक्स किंवा सॉफ्टवेअरमध्ये कंपनीबाहेरचा बदल केलेला नाही, किंवा केला असल्यास तो असा असा. खाली सही, तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर. ही ओळ लिहायला जो का-कू करतो त्याला सलाम करून उठावे. नंतर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन नाव लगेच बदलून घ्यावे, आणि विमाही त्याच हप्त्यात आपल्या नावावर करावा.