पहिला पाऊस, कुर्ला आणि छोटी गाडी

मुंबईकराच्या छोट्या गाडीचे माहेर कुर्ला आहे, हे आजच्या तरुण पिढीला सांगावे लागते. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्यात जुन्या आग्रा रोडलगत, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाजवळ, तिचा कारखाना उभा राहिला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५४ पासून येथे फियाट ११०० तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिचेच पुढचे रूप ‘पद्मिनी’ या नावाने विकले गेले. परवान्यांच्या त्या काळात व्यापारी कुटुंबे गाडीची नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहत. गाडी दारात आली की तिला कुंकवाचा स्वस्तिक काढून पहिली फेरी देरासरापर्यंत होई. आता कारखाना नाही. त्या जागेवर कोहिनूर सिटी वसली आहे आणि प्रीमियर रोड हे नाव मागे उरले आहे. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनेही ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईचा निरोप घेतला.

गाड्या बदलल्या, परंतु कुर्ल्याचा पाऊस बदललेला नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावरील कमानी, शीतल सिनेमा, कल्पना सिनेमा या भागांत पाणी साचते, आणि पलीकडे क्रांतीनगरच्या कडेने मिठी नदी वाहते. या परिसरात ज्यांची दुकाने, गोदामे आणि घरे आहेत त्या कुटुंबांना मुसळधार पावसाची धास्ती असतेच. पहिल्या पावसाची मात्र ती वाटत नाही, आणि घात तेथेच होतो.

आठ महिने कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर गाड्यांतून गळालेले तेल, टायरची झिजलेली भुकटी आणि बांधकामांची धूळ यांचा पातळ थर बसलेला असतो. पहिली सर तो थर धुऊन नेत नाही, भिजवते. तेल वर तरंगते, धुळीचा चिखल होतो आणि डांबरावर साबण फासल्यासारखी अवस्था होते. तास-दोन तास जोराचा पाऊस पडला तर रस्ता धुऊन निघतो. पण भुरभुर पडून थांबली तर तो सर्वांत निसरडा होतो. त्यातही मेट्रोच्या कामासाठी अंथरलेले लोखंडी पत्रे, उड्डाणपुलांचे पोलादी सांधे आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे अधिक फसवे. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावरून कुर्ल्याकडे उतरताना हे सांधे वळणावर आले, तर ब्रेक दाबण्याची ती जागा नव्हे.

ज्या घरांतील मुले कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात स्थिरावली आहेत, त्यांना या गोष्टीचा दुसरा अवतार ठाऊक असतो. तेथे मोसमातील पहिला बर्फ पडतो, त्या दिवशी जन्मभर बर्फात गाडी चालवलेली माणसेही रस्त्याकडेच्या खड्ड्यात जातात. कारण हात अजून उन्हाळ्याच्या सवयीत असतात. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेत ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर किमान दुप्पट आणि बर्फावर दहापट धरावे असे सांगितले आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे केले आहेत. मुंबईत टायर बदलावे लागत नाहीत, फक्त पाहावे लागतात. टायरच्या खाचांत झिजेची खूण म्हणून रबराचा लहानसा उंचवटा असतो. खाच १.६ मिलिमीटर उरली की तो टायरच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतो. तेथवर झिजलेला टायर पाणी बाजूला सारू शकत नाही. मेअखेरीस पाच मिनिटे खर्चून चारही टायर पाहणारा मनुष्य विरळा. तो पैसे वाचवण्यासाठी आणखी एक पावसाळा काढू म्हणतो, आणि हा हिशेब व्यापाऱ्याला न शोभणारा आहे.

काचेचे तसेच. वायपरचे रबर उन्हाने कडक झालेले असते आणि पहिल्या सरीला ते काच पुसण्याऐवजी चिखल सारवते. फियाटच्या काळात टॅक्सीवाले काचेवर चिरलेला बटाटा किंवा चिमूटभर तंबाखू चोळीत. जैन घराच्या गाडीत या दोहोंपैकी काहीच सापडण्याची शक्यता नसल्याने साबणाच्या चिपटीवर भागवले जाई. आजच्या गाडीत आतून धुके धरले तर वातानुकूलन चालू करून हवा काचेवर वळवावी, ते मिनिटभरात जाते. हाताने काच पुसत एका हाताने चालवणे टाळावे.

वेग कमी ठेवणे हे सर्वांना ठाऊक असते. पुढच्या दुचाकीपासून अंतर ठेवण्याकडे मात्र दुर्लक्ष होते. पहिल्या पावसात घसरतात त्या प्रथम स्कूटर आणि मोटरसायकली. स्वार पडतो तो मागून येणाऱ्या गाडीसमोर. त्याच्यासाठी राखलेले अंतर म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. हॉर्न वाजवून ती भरायला लावणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये.

पाणी साचू लागले की प्रश्न निराळा होतो. छोटी गाडी पाण्यात प्रथम बंद पडते आणि नंतर तरंगते, आणि हे साध्या गणिताने समजते. मारुती ८०० चे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास होते. तिच्या तळाचे क्षेत्रफळ साधारण चार चौरस मीटर धरले, तर तळाच्या वर चढलेले प्रत्येक दहा सेंटिमीटर पाणी तिला सुमारे चारशे किलोच्या बळाने वर उचलते. तळ जमिनीपासून सतरा-अठरा सेंटिमीटरवर असतो. म्हणजे फूट-सव्वा फूट पाण्यात चाकांवरचा भार जवळजवळ नाहीसा होतो आणि गाडी प्रवाहाच्या स्वाधीन होते. आजच्या छोट्या गाड्या थोड्या जड आहेत, पण फरक चार बोटांचा. पाणी पदपथाच्या कडेपर्यंत आले असेल तर पुढे न जाणे हाच निर्णय.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी काठ सोडून पसरली आणि कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल पाण्याखाली गेले. त्या दिवशी काही माणसे स्वतःच्या गाडीत गुदमरून गेली. पाणी चढल्यावर विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलुपे निकामी झाली, आणि बाहेरच्या दाबाने दरवाजे उघडेनात. गाडी वाचवण्यासाठी ती माणसे आत बसून राहिली असावीत. चाके बुडू लागताच काच खाली करावी, ती उघडी ठेवावी आणि गाडी सोडावी. काच फोडण्याची लहान हातोडी दाराच्या कप्प्यात ठेवावी, डिकीत नव्हे. डोक्याची टेकण काढून तिच्या पोलादी दांड्यांनीही कडेची काच फोडण्याचा प्रयत्न करता येतो. समोरची काच मात्र चिकटथराची असते, ती तशी फुटत नाही.

गाडी सोडल्यावरही भान सुटता कामा नये. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात नामांकित पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर गाडीतून उतरून पायी घराकडे निघाले आणि पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून त्यांचा अंत झाला. साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेच तर हातातील छत्रीने पुढची जमीन चाचपावी आणि रस्त्याच्या दुभाजकाच्या आधाराने जावे. उभे राहण्याची जागाही पाहून निवडावी. १३ मे २०२४ रोजी मोसमापूर्वीच्या वादळी पावसात घाटकोपरच्या छेडानगर येथे पेट्रोल पंपावर प्रचंड जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. सरीपासून आडोसा म्हणून पंपाचे छप्पर निवडणे हे त्या दिवसापर्यंत कोणालाही शहाणपणाचे वाटले असते.

आता पैशाचा भाग, थोडक्यात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असते, आणि पाणी दाबले जात नाही. किल्ली फिरवताच दट्ट्याचा दांडा वाकतो. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान मिळते, परंतु अशा प्रकारे निकामी झालेले इंजिन हे परिणामी नुकसान ठरवून त्याचा दावा सहसा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे जोडकलम घ्यावे लागते. नूतनीकरणाच्या वेळी ते आहे की नाही हे वाचूनच सही करावी. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. दुकानाच्या मालाची ने-आण करणाऱ्या छोट्या टेम्पोलाही हेच लागू.

जैन घरात पहिल्या पावसाला आणखी एक बाजू आहे. पाणी हे स्वतः अप्काय जीवांचे शरीर. त्यात पहिल्या सरीनंतर गांडुळे, बेडूक, पंख फुटलेली वाळवी रस्त्यावर येते आणि दिव्यांभोवती गोळा होते. साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात तो याच कारणाने. ईर्यासमितीत पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचे असते. गृहस्थाला पेढी बंद ठेवता येत नाही, हे आचार्यांनाही मान्य आहे. म्हणूनच श्रावकासाठी दिग्व्रत आणि देशावकाशिक व्रत सांगितले, ज्यात जाण्यायेण्याची मर्यादा ठरवून घ्यायची. पहिल्या पंधरवड्यात रात्रीच्या अनावश्यक फेऱ्या टाळणे हे त्या मर्यादेत सहज बसते, आणि निसरड्या रस्त्याचाही प्रश्न निम्मा सुटतो.

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो असे हवामान खाते धरते; २०२५ साली तो २६ मे रोजीच आला. तारखेवर विसंबता येत नाही, पण तिथीवर काही प्रमाणात येते. मिठीचे पाणी माहीमच्या खाडीतून समुद्रात जाते आणि भरतीच्या वेळी त्याला वाट मिळत नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती सर्वांत मोठी. किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा सुमाराचा तास मिळतो, दिवसाचाही आणि रात्रीचाही. २००५ साली २१ जुलैला पौर्णिमा होती. २६ जुलै हा त्यानंतरचा पाचवा दिवस. पाचाचे पाऊणपट पावणेचार, आणि ढगफुटीसारखा पाऊसही त्याच दुपारी कोसळत होता. नेमकी वेळ महापालिकेच्या तक्त्यात मिळते, पण तिथीचे पंचांग जैन घराच्या भिंतीवर असतेच.

आषाढ शुद्ध चौदसीला चौमासी प्रतिक्रमण असते. चौदाचे पाऊणपट साडेदहा. उपाश्रयातून आटोपून वयस्कर मंडळींना घेऊन गाडी निघते तेव्हा साडेनऊ-दहा वाजलेले असतात, म्हणजे खाडी भरत आलेली असते. त्या संध्याकाळी आभाळ गच्च असेल, तर कुर्ल्यातील कुटुंबांनी पायी जाता येईल असा जवळचा उपाश्रय गाठावा किंवा वृद्धांनी घरीच प्रतिक्रमण करावे, आणि गाडी दुपारीच उंचवट्यावर लावून ठेवावी.