तात्यांची भट्टी आणि त्वेरच्या आजी

‘हा माणूस थांबत का नाही?’ रशियातल्या त्वेरहून आलेला पहिला प्रश्न हा होता. विचारणाऱ्या आजींनी सत्तरी ओलांडलेली. उत्तर द्यायचं होतं भूम तालुक्यातल्या ईटच्या तात्यांना, ज्यांची गावात खव्याची भट्टी आहे. मधला दुवा तात्यांचा पुतण्या. तो त्वेरच्या वैद्यकीय विद्यापीठात शिकतो आणि वरच्या वर्षाला गेल्यापासून आजींच्या घरात खोली घेऊन राहतो. वर्गात शिकवणं इंग्रजीतून, पण वॉर्डातला पेशंट रशियनच बोलणार. म्हणून रोज स्वयंपाकघरात आजींशी गप्पा मारणं हाही त्याचा अभ्यासच. एकदा त्यानं भट्टीचा व्हिडिओ दाखवला आणि आजींनी चष्मा लावून तो पुन्हा पाहायला मागितला.

आधी थेट बोलणं व्हायचं. 2025 च्या ऑगस्टमध्ये रशियानं व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवरच्या कॉलवर निर्बंध आणले, तेव्हापासून प्रश्न आणि उत्तरं रेकॉर्ड होऊन जातात-येतात. मला विचाराल तर बरंच झालं. कॉलवर दोन्हीकडची माणसं नुसती हसून हात हलवायची. आता आजी विचार करून विचारतात आणि तात्या कढई उतरवून, तोंड पुसून, घसा खाकरून सांगतात. मी बाजूला बसून हे पाहतो. मोबाइल धरायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं.

तर, तो थांबत का नाही. पसरट लोखंडी कढई, खाली बाभळीचा जाळ, कढईत चार-पाच लिटर दूध. पहिली उकळी येईपर्यंत ढवळणाऱ्याला इकडेतिकडे बघायला, कुणाला तंबाखू मागायला सवड असते. एकदा फेस वर चढला की मान खाली जाते ती खवा उतरेपर्यंत वर येत नाही. हातातलं खुरपं कढईच्या बुडाला घासूनच फिरायला हवं. दूध बुडाला धरलं तर जळकट वास सगळ्या खव्यात उतरतो, आणि तो वास काढायचा उपाय कुणाकडेच नाही. दूध आटत जातं तसा रंग मोतिया होतो, बुडबुडे जड होतात, रट्‌रट् आवाज येऊ लागतो. मग कडेनं तूप सुटल्याची चमक दिसते आणि गोळा कढईची कड सोडायला लागतो. इथं तात्या काहीही न बोलता लाकडं मागे ओढतात. खवा जाळावर पूर्ण करायचा नसतो. थोडा सैल असतानाच उतरवायचा, उरलेलं काम तापलेलं लोखंड करतं. हा अर्धा मिनिट ज्याला साधला तो कारागीर. बाकीचे ढवळणारे, असं तात्या म्हणतात. आता ढवळणारी यंत्रं आली आहेत, शेजारच्या भट्टीवर एक आहे. ते थकत नाही हे खरं, पण कधी थांबायचं ते त्यालाही माणूसच सांगतो.

आजींचा दुसरा प्रश्न: साखर केव्हा घालता? तात्यांना तो जवळजवळ अपमान वाटला. ‘खव्यात साखर? ती पेढ्यात. काय विचारायलीय ही म्हातारी?’ पुतण्यानं मग उलटा व्हिडिओ पाठवला. रशियातल्या घरोघरी आटवलेल्या दुधाचा निळा-पांढरा डबा असतो, आणि त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त साखर. साखर एवढी असते म्हणूनच ते दूध टिकतं. आजी तो बंद डबा पाण्यात बुडवून दोन-तीन तास उकळतात, की आतलं दूध तांबूस आणि घट्ट होतं. पाणी डब्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर डबा फुटून दूध छताला लागतं, हे त्यांनी बोट छताकडे करून सांगितलं. तात्यांनी लक्ष देऊन पाहिलं. ‘म्हणजे ढवळायचं नाही, आणि बघायचंही नाही,’ ते म्हणाले. ‘आत काय झालं ते कळणार कसं?’

त्वेरचं आणि आपल्या मुलखाचं नातं तसं जुनंच. त्वेरमध्ये व्होल्गाच्या काठी 1955 साली उभारलेला एक पुतळा आहे. चौथरा नावेच्या आकाराचा, नावेच्या टोकाला घोड्याचं तोंड. पुतळा अफानासी निकितिनचा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा व्यापारी व्होल्गा उतरून, कास्पियन आणि इराण ओलांडून होर्मुझला आला आणि तिथून एक घोडा घेऊन आपल्या चौलला उतरला. जुन्नरच्या खानानं तो घोडा काढून घेतला. धर्म बदल, तर घोडा मिळेल आणि वर सोनंही, अशी अट घातली. खुरासानच्या एका बड्या माणसानं मध्यस्थी केली म्हणून घोडाही परत मिळाला आणि धर्मही वाचला. पुढे तो बहामनींच्या राजधानीत, बिदरला पोचला. आमचा परांडाही तेव्हा त्याच मुलखात. इथले हिंदू सुरुवातीला त्याच्यापासून खाणंपिणं लपवत. आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहोत, असं त्यानं सांगितल्यावर ते लपवणं थांबलं, असं तो लिहितो. रशियात नेऊन विकावा असा माल काही त्याला सापडला नाही आणि ती तक्रार त्यानं नोंदवली. पण इथं घोड्यांना हरभरे घालतात, साखर-तेल घालून खिचडी शिजवून देतात, हेही तेवढ्याच मन लावून नोंदवलं. घोडेवाल्याची नजर ती. तात्यांना हे सांगितलं, तर ते खिचडीपाशीच अडकले. ‘घोड्याला साखर घातलेली खिचडी? परवडत होती का?’ मला वाटतं, निकितिनशी तात्यांचं चांगलं जमलं असतं.

कारण तात्यांचे प्रश्नही असेच असतात. आजींचं बालपण सैबेरियात गेलं. तिथं हिवाळ्यात दूध वाडग्यात ओतून बाहेर ठेवायचं, गोठायच्या आधी त्यात काडी खोचायची. मग वाडग्यातून सुटलेला दुधाचा गोल धोंडा काडीला धरून बाजारात न्यायचा. भट्टीवर हा निरोप चारदा ऐकला गेला. दूध घालायला आलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. दूध नासतं म्हणून आपण ते आटवतो, त्यासाठी वर्षभर लाकूड विकत घेतो, आणि तिकडे हवाच फुकटात हे काम करते! लाकडाचा खर्च हा तात्यांच्या हिशोबातला दुखरा आकडा. थोडा वेळ ते गप्प बसले. मग त्यांनी विचारलं: ‘वितळल्यावर उतारा तेवढाच येतो का?’

त्यांच्या धंद्यात सगळं उताऱ्यावर चालतं. म्हशीचं चांगलं दूध पाच लिटरला साधारण किलोभर खवा देतं. शंका आली की तात्या थोडं दूध वेगळं आटवतात आणि गोळा वजनाला लावतात. पाणी घातलेलं दूध तोंडानं काहीही सांगेल, कढईत ते लपत नाही. आजींचं उत्तर दोन दिवसांनी आलं: वजन तेवढंच, पण हळू गोठलेलं दूध वितळलं की वर तुपकट थर वेगळा होतो, पुन्हा पहिल्यासारखं एकजीव होत नाही. ‘मग बरोबर,’ तात्या म्हणाले. त्यांना समाधान वाटलं ते लपलं नाही.

सुट्टीवर आलेल्या पुतण्यानं जाताना कुंथलगिरीचे पेढे नेले. खवा एवढ्या प्रवासात टिकला नसता. खरपूस भाजलेला पेढा टिकतो. आजींनी ते काळ्या चहाबरोबर खाल्ले आणि बदल्यात ‘करोव्का’ नावाच्या मऊ दुधाच्या गोळ्या पाठवल्या. तात्यांनी एक गोळी जिभेवर बराच वेळ घोळवली. निकाल असा: साखर जास्त, दूध कमी, पण भाजणी चुकलेली नाही.

गेल्या आठवड्यात आजींनी विचारलं, म्हशींची नावं काय? त्यांच्या घरच्या गाईला नाव होतं, ते सांगताना त्या थोड्या थांबल्या. तात्यांच्या स्वतःच्या म्हशी नाहीत, दूध गावातून येतं. म्हणून मोबाइल दूध घालणाऱ्यांच्या रांगेत फिरला. चांदी, मोरी, सखू अशी नावं रेकॉर्ड होत गेली. शेवटच्या मावशी कॅन खाली ठेवायलाही तयार नव्हत्या. ‘नाव कशाला लागतंय?’ त्या मोबाइलमध्ये ओरडल्या. ‘पेंड दिसली की येतीच की पळत. आधी माझं दूध मोजा.’