शेंगदाणा तेलाचा एमआरआय

साहित्य लिहून घ्या: शेंगदाणा तेल, पाणी, चायना ग्रास आणि तेल-पाण्याची गट्टी जमवायला साबणाच्या जातीतला एक पदार्थ. गरम करा, घुसळा, पांढरंशुभ्र मिश्रण छोट्या बाटल्यांत ओता, थिजू द्या. खायचं मात्र नाही हं! हा बेत एमआरआय मशीनसाठी आहे.

एमआरआय मशीन पोटाला टाचणीएवढंही भोक न पाडता सांगतं, यकृतात चरबी किती आहे ते. साधारण ५ टक्क्यांच्या वर गेली, की डॉक्टर म्हणतात ‘फॅटी लिव्हर’. पण मशीन ८ म्हणालं आणि खरी असली ४, तर? यकृत उघडून कोण बघणार? म्हणून आधी मशीनचीच परीक्षा घ्यायची. एका बाटलीत तेल अजिबात नाही, दुसरीत ५ टक्के, मग १०, २०... बाटल्यांचा डबा आत सरकवायचा. उत्तरं आपल्याला आधीच माहीत! अशा डब्याला ‘फॅन्टम’ म्हणतात. (१९७३ साली अमेरिकेत पॉल लॉटरबर यांनी एमआरआयचं पहिलं चित्र छापलं, तेही माणसाचं नव्हतंच. पाणी भरलेल्या दोन नळ्या होत्या, १ मिलिमीटर रुंदीच्या! २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.)

आता गंमत बघा. मशीन टिपतं तो हायड्रोजनचा सिग्नल, आणि हायड्रोजन पाण्यात असतो, तसा चरबीतही असतो. मशीनच्या १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकात पाण्यातला हायड्रोजन सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख गिरक्या घेतो. चरबीतला जरा आळशी, त्याच्या सुमारे २२० गिरक्या कमी. बस, एवढ्याशा फरकावर सगळा खेळ! गोल मैदानावर पळणाऱ्या दोन मुलांसारखे ते कधी बरोबर येतात, कधी एकमेकांच्या अगदी समोर. बरोबर असले की सिग्नल वाढतो, समोरासमोर असले की घटतो. सेकंदाच्या हजारांश भागांत हे चालू असतं, आणि त्यावरून मशीन चरबीचा हिशेब मांडतं.

पण शेंगदाण्याचंच तेल का? कारण त्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल आपल्या अंगातल्या चरबीच्या सिग्नलशी छान जुळतो.

एक भानगड उरतेच. आपलं यकृत ३७ अंशांवर उबदार, आणि बाटल्या एसीच्या खोलीत गार पडलेल्या. गार पाण्यातला हायड्रोजन किंचित जोरात फिरतो, चरबीतला जवळपास तसाच राहतो. म्हणजे २२० चा फरक वाढला, आणि मशीन तर ३७ अंश धरून बसलेलं! मग फॅन्टमला थर्मामीटर लावतात आणि तो आकडा हिशेबात घालतात.