दार सर्वांचे, घाई ज्याची त्याची

२६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी तेव्हाच्या औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टी सोडते न सोडते तोच बीड रस्त्यावरील कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले. पुढे उच्च दाबाच्या वीजतारांना लागून ते कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ मृत्युमुखी पडले, ६३ वाचले. वैमानिकांनी विमान उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले, हे चौकशीत निष्पन्न झाले. त्याचबरोबर उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, असाही ठपका आला. अपघात का होतो, याचा विचार आपण अशा प्रसंगी करतो. अपघात झाल्यावर माणसे बाहेर कशी पडतात, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः कित्येकांचे प्राण या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

मोठ्या प्रवासी विमानासाठी नियम असा आहे की, निम्मी दारे बंद असताना आणि बाहेर अंधार असताना भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे होऊ शकते, हे सिद्ध करावे लागते. आत बसलेल्या प्रवाशाचा अनुभव मात्र या हिशेबात मावत नाही. विमान हादरून थांबते, दिवे जातात, धूर छताकडून खाली उतरू लागतो. ज्या दाराने आपण आत आलो तेच दार मनात असते. जवळचे दार पाठीमागे असले तरी ते सुचत नाही. ‘सामान सोडा, बाहेर पडा’ असा पुकारा कानी पडतो आणि हात मात्र सवयीने डोक्यावरच्या कप्प्याकडे जातो. त्या पिशवीत पारपत्र असते, पैसे असतात, वर्षभराची कमाई असते. त्या हाताला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु पिशवी काढण्यात गेलेले सेकंद त्या प्रवाशाच्या खात्यातून वजा होत नाहीत. ते शेवटच्या रांगेत बसलेल्या अनोळखी माणसाच्या खात्यातून जातात. लाभ एकाचा आणि किंमत दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेले विमान धावपट्टीवर आपटून पेटले, तेव्हा अनेकांनी सामान काढण्याची धडपड केली. विमानातील ३०० जण वाचले. आग विझवणारा एक जवान मात्र प्राणास मुकला.

माणसे बाहेर पडताना नेमके काय घडते, याचा पद्धतशीर अभ्यास मँचेस्टरच्या दुर्घटनेनंतर झाला. २२ ऑगस्ट १९८५ रोजी तेथे उड्डाणाच्या बेतात असलेल्या बोइंग ७३७ विमानाचे इंजिन फुटले व आग लागली. विमान हवेत गेलेच नव्हते, तरीही ५५ जण दगावले आणि त्यांतील बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, तर धुराने घेतला. त्यानंतर क्रॅनफील्ड येथील हेलन म्यूर यांनी केलेला प्रयोग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावा असा आहे. त्यांनी स्वयंसेवकांना विमानात बसवले आणि बाहेर पडणाऱ्या पहिल्या निम्म्या लोकांना पाच पौंड जादा देण्याचे ठरवले. बक्षीस नव्हते तेव्हा माणसे रांगेने बाहेर पडली. बक्षीस येताच अरुंद वाटेत ती एकमेकांत अडकली. बाजारात स्पर्धा कार्यक्षमता वाढवते, असे आम्ही वर्गात शिकवतो. परंतु दाराची रुंदी स्पर्धेने वाढत नाही. तेथे प्रत्येकाने आपल्यापुरती शहाणपणाची घाई केली, तर सर्वांची मिळून गती मंदावते.

याच्या उलट उदाहरण टोकियोचे आहे. २ जानेवारी २०२४ रोजी हानेदा विमानतळावर उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळून पेटले. त्या लहान विमानातील सहापैकी पाच जण मृत्यू पावले. मोठ्या विमानाच्या आठ दारांपैकी तीनच वापरता आली. ध्वनिक्षेपक यंत्रणाही बंद पडली. तरीही सर्व ३७९ माणसे जिवंत बाहेर आली. विमान उतरल्यापासून शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत सुमारे अठरा मिनिटे गेली. कर्मचारी ओरडून, कर्ण्यांतून सूचना देत राहिले; प्रवाशांनी सामान जागेवरच सोडले. हे निव्वळ दैव नव्हते, की त्या क्षणी अंगी संचारलेले धैर्यही नव्हते. ते आधी केलेल्या सरावाचे आणि नियम पाळण्याच्या सवयीचे फळ होते.

चितेगावच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार किंवा पैठण रस्त्याने एस.टी.तून शाळेत पोहोचणारा शिक्षक म्हणेल, विमानाशी आमचा काय संबंध? संबंध दाराशी आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. तेथे ना आग होती, ना धूर. एस.टी.त ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही अक्षरे आपण लहानपणापासून वाचतो. तो मार्ग उघडतो कसा, हे किती जणांनी हात लावून पाहिले आहे? शाळा-महाविद्यालयांतून जिन्याचे दुसरे दार शिस्तीच्या नावाखाली कुलूपबंद ठेवले जाते आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे शिपायालाही सांगता येत नाही.

संकटात माणसाने शांत राहावे, हा उपदेश स्वस्त आहे. शांतपणा उपदेशाने येत नाही, व्यवस्थेने येतो. बीड रस्त्यावरची वाहतूक ट्रकचालकांच्या सद्बुद्धीवर सोपवून चालणार नव्हते. ती थांबवणे हे यंत्रणेचे काम होते. दाराचेही तसेच आहे. वर्षातून दोनदा प्रत्येक शाळेत, कचेरीत व कारखान्यात इमारत रिकामी करण्याचा सराव व्हावा, पर्यायी दार कामाच्या वेळेत उघडे असावे, आणि ते उघडे ठेवण्याची जबाबदारी एका नावानिशी माणसावर असावी. यास फारसा पैसा लागत नाही. मागच्या रांगेतील माणसालाही बाहेर पडायचे आहे, एवढी जाणीव मात्र लागते. आणि ती आग लागण्यापूर्वीच अंगवळणी पडलेली असावी लागते.